‘आँटी’ रकान्यात बसत नाही

ट्रेनिंगबद्दल लिहायचं तर सुरुवात माझ्या एका ईमेलपासून करायला हवी. ट्रेनिंगच्या आठ महिने आधीचा ईमेल, फेब्रुवारी २०२३ मधला.

मी कॅनडातल्या विनिपेगच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत पेरोल बघते. पगार, ओव्हरटाइम, रजा, कापाकापी. डिस्पॅचमधल्या एका सहकारी बाईंचा अर्ज आला होता, तीन दिवसांच्या दुखवट्याच्या पगारी रजेचा. ‘मृत व्यक्तीशी नातं’ या रकान्यात एकच शब्द होता: आँटी. आमच्या नियमात नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि सासू-सासरे होते, आँटी नव्हती. ठरलेला मजकूर मी चिकटवला, की हे नातं ‘जवळच्या कुटुंबात’ मोडत नाही, तेव्हा वार्षिक सुट्टीतून दिवस घ्या किंवा बिनपगारी रजा घ्या. दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘ओके. सुट्टीतून धरा.’ मी धरले. बाहेर उणे सत्तावीस होतं आणि मला पाच वाजायच्या आत पगाराची फाइल बँकेला पाठवायची होती.

माझी काकू २०१९ साली गेली. भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत मला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडणारी तीच; आई तेव्हा कारखान्यात पाळीवर असायची. ती गेल्याचा फोन आला त्या दिवशी मी ऑफिसच्या वॉशरूममध्ये पंधरा मिनिटं बसले, तोंड धुतलं आणि जागेवर येऊन ओव्हरटाइमचे तास लावत बसले. रजा मागितली नाही. नियम मला पाठ होता ना. म्हणजे जो नियम मी स्वतः गिळला होता तोच चार वर्षांनी दुसरीच्या घशात कोंबला, आणि दोन्ही वेळा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

सप्टेंबरमध्ये एचआरचं पत्र आलं. सर्व कर्मचाऱ्यांना इंडिजिनस रिकन्सिलिएशन, म्हणजे मूलनिवासींशी समेट, आणि समावेशनाचं प्रशिक्षण सक्तीचं. आधी चार तासांचा ऑनलाइन अभ्यास, मग एक पूर्ण दिवस प्रत्यक्ष, मग सहा आठवड्यांनी विभागवार बैठक. कॅन्टीनमध्ये त्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. उत्तरेकडच्या एका मोठ्या कामासाठी कंपनी निविदा भरत होती आणि त्या अर्जात ‘कर्मचाऱ्यांना असं प्रशिक्षण दिलं आहे का?’ असा प्रश्न होता. शुद्ध हेतूनं सुरू झालेलं कुठलंही ट्रेनिंग मी अजून पाहिलेलं नाही, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. शिवाय मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आणि समेट आयोगानं २०१५ मध्ये ज्या ९४ शिफारशी केल्या त्यातली ९२ क्रमांकाची शिफारस खासगी कंपन्यांसाठीच आहे. त्यात व्यवस्थापनाला आणि कर्मचाऱ्यांना हा इतिहास शिकवा, असं स्पष्ट म्हटलं आहे. पण कंपनीला आठ वर्षं तिची आठवण झाली नव्हती, ती निविदेनं करून दिली.

रात्री आईला फोनवर सांगितलं, की आमच्याकडे आता समेटाचं ट्रेनिंग आहे. आई म्हणाली, “भांडण कोणाचं होतं?” मी म्हटलं, भांडण असं नाही गं, एकाचं सगळं दुसऱ्यानं घेतलं. “मग समेट कसला? परत द्यायचं.” आईचं ट्रेनिंग तिथेच संपलं.

ऑनलाइन भाग मी जसा बहुतेक लोक करतात तसाच केला. एका स्क्रीनवर पगाराची फाइल, दुसऱ्यावर व्हिडिओ, आवाज बारीक. इंडियन ॲक्ट, म्हणजे मूलनिवासींना लागू असलेला कायदा, १८७६ चा. मूलनिवासी मुलांना निवासी शाळांत पाठवणं १९२० साली कायद्यानं सक्तीचं झालं. सुमारे दीड लाख मुलं त्या शाळांतून गेली. केस कापले, नावं बदलली, मातृभाषेत बोललं की मार. प्रेअरीतल्या, म्हणजे गवताळ प्रांतांतल्या, शाळांमध्ये क्षयानं मुलं मरताहेत, असं डॉ. पीटर ब्राइस या सरकारच्याच आरोग्य अधिकाऱ्यानं १९०७ मध्ये लिहून दिलं होतं. त्यावर फारसं काही झालं नाही, आणि १९२२ मध्ये नोकरीतून बाहेर पडल्यावर त्यानं ते स्वतः छापलं. शेवटी दहा प्रश्न. मला दहापैकी दहा, आणि लगेच प्रमाणपत्र.

एक आकडा मात्र अडकून राहिला. शेवटच्या शाळांपैकी एक, सस्कॅचवनमधली गॉर्डन्स, १९९६ मध्ये बंद झाली. तेव्हा मी दहावीत होते. मला वाटत होतं हे सगळं पेशव्यांच्या जवळपासचं काहीतरी असणार.

इथे माझी आधीची शिकवणी सांगायला हवी. ते ट्रेनिंगही मला मिळालं होतं, २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये, विनिपेगला उतरल्यावर पहिल्याच रविवारी, एका मराठी घरी पोहे खाता खाता. जॅकेट कुठे घ्यायचं, कोलम तांदूळ कुठे मिळतो, गाडीचा ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारा, रात्री प्लगला लावायला विसरायचं नाही, आणि संध्याकाळनंतर मेन स्ट्रीटच्या बसस्टॉपवर उभं राहायचं नाही, ‘ते लोक’ असतात. कोण ते लोक, हे मला विचारावं लागलं नाही. असं वाक्य ऐकून गप्प मान डोलवायची सवय आपण घरूनच घेऊन येतो. नंतर त्यात भर पडत गेली: त्यांना टॅक्स नाही, त्यांना सगळं फुकट. हे सांगणाऱ्यांत मराठी होते, पंजाबी होते, फिलिपिनो होते आणि इथे तीन पिढ्या काढलेले गोरेही होते. या एका विषयावर आम्हा सगळ्यांचं एकमत.

त्यात मी तर पेरोलवाली. टीडी-१-आयएन नावाचा फॉर्म आमच्याकडे असतो. पहिल्यांदा हातात आला तेव्हा ‘आयएन’ म्हणजे इंडिया समजून मी तो जवळजवळ स्वतःसाठी भरणार होते. तो इंडियन ॲक्टखाली नोंद असलेल्या माणसाचा फॉर्म. रिझर्व्हवर, म्हणजे मूलनिवासींसाठी राखलेल्या जमिनीवर, केलेल्या कामाच्या पगारावर आयकर लागत नाही, पगारापुरती मुख्य सवलत एवढीच. आमच्या शहरातल्या ऑफिसात बसून काम करणाऱ्याचा आयकर माझ्यासारखाच कापला जातो. मेटी (मूलनिवासी-युरोपियन मिश्र वंशाचे) आणि उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांना तीही सवलत नाही. त्या डिस्पॅचवाल्या बाईंचा कर मी दर दोन आठवड्यांनी स्वतःच्या हातानं कापत होते, आणि तरी ‘त्यांना टॅक्स नाही’ हे वाक्य कॅन्टीनमध्ये ऐकलं की मान डोलवत होते. हातातला आकडा एक आणि डोक्यातला दुसरा. आठ वर्षं दोघांची गाठ पडली नाही.

प्रत्यक्ष दिवस ऑक्टोबरमध्ये आला. ऑफिसजवळच्या एका कम्युनिटी सेंटरचा हॉल. दारावर कागद, ‘आज सकाळी हॉलमध्ये धूर असेल, घाबरू नये’. इमारतीच्या लोकांना आधी कळवून आगीच्या अलार्मचा बंदोबस्त करावा लागला होता आणि एचआरमधला मुलगा त्याच काळजीत दिसत होता. आत खुर्च्या गोलात, मधे जमिनीवर रंगीबेरंगी ब्लँकेटं पसरलेली. दोन प्रशिक्षक आणि एक एल्डर, म्हणजे समाजातल्या मानाच्या वडीलधाऱ्या: अनिशिनाबे या मूलनिवासी लोकांतल्या सत्तरीच्या आजी, पायात मण्यांचं काम केलेल्या मोकॅसिन आणि वर जेट्सच्या हॉकी टीमचं जॅकेट.

मॅनेजरनं त्यांना लाल फडक्यात बांधलेली तंबाखूची पुरचुंडी दिली. एल्डरला काही विचारायचं, बोलवायचं तर आधी तंबाखू द्यायची, त्यांनी ती घेतली म्हणजे मागणं मान्य. मला विडा-सुपारी आठवली. मग शिंपल्यात सेज ही सुगंधी वनस्पती पेटवून एकेकापाशी धूर आणला. ज्याला नको त्यानं हात छातीशी धरून मागे राहायचं. तिघे राहिले, कोणी काही म्हटलं नाही. मी धूर ओंजळीनं डोळ्यांवरून, केसांवरून घेतला. आरतीवरून हात फिरवायची सवय असल्यानं मला ते बाकीच्यांपेक्षा बरं जमलं आणि, खरं सांगते, त्याचा मला थोडा गर्वही वाटला.

ओळखी झाल्या. मी सवयीनं म्हटलं, मी इंडियन. आजी म्हणाल्या, “सरकारी कागदावर मीपण इंडियनच आहे. तुझ्यापेक्षा जुनी.” सगळे हसले, खांदे सैल झाले.

ब्लँकेट एक्सरसाइज हा खेळ कॅनडात १९९७ पासून चालतो. खेळ म्हणजे शब्दशः अंगानं करायचा. ब्लँकेटं म्हणजे जमीन. आम्ही अठ्ठावीस जण बूट काढून त्यांवर उभे राहिलो, फिरायचं, एकमेकांशी हात मिळवायचे, वस्तूंची देवघेव करायची. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड. मग एक प्रशिक्षक युरोपियन बनून आली. आधी हात मिळवत, मग कागद वाचून दाखवत, मग वाकून ब्लँकेटांचे कोपरे दुमडत. ती इतक्या शांतपणे दुमडत होती, घरी चादरींची घडी घालावी तशी, की पहिल्या दहा मिनिटांत आपली जागा अर्धी झाल्याचं मला कळलंच नाही. कळलं ते पाय जमिनीवर टेकला तेव्हा. ब्लँकेटबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं.

एका रंगाच्या कार्डवाल्यांना देवीच्या साथीत खाली बसवलं. रिझर्व्हबाहेर जायला परवानगीचा पास आला. १८८५ नंतर सुरू झालेल्या त्या पासला कायद्याचा आधारही नव्हता. बाहेरच्या माणसाशी लग्न केलेल्या बाईचा हक्क गेला, पुरुषाचा नाही, आणि हे १९८५ पर्यंत. माझ्या कार्डावर होतं ते मला मोठ्यानं वाचायचं होतं. १९२७ पासून १९५१ पर्यंत जमिनीच्या दाव्यासाठी वकील लावायला सरकारच्या परवानगीशिवाय पैसे गोळा करणं हा गुन्हा होता. मी वाचलं आणि थांबले. लुटणं समजू शकतं, जगात सगळीकडे झालं आहे. पण लुटलेल्याला वकील करायची बंदी कायद्याच्या पुस्तकात कलम घालून करायची, याला जो थंडपणा लागतो तो मला ओळखीचा वाटला. तो ऑफिसचा थंडपणा आहे. कोणीतरी माझ्यासारख्याच टेबलाशी बसून तो मसुदा नीटनेटका टाइप केला असणार.

मग मुलं. ज्यांच्या कार्डावर खूण होती त्यांना उचलून हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या एका वेगळ्या ब्लँकेटवर नेलं. माझ्या शेजारी उभा असलेला गोदामातला धिप्पाड माणूस, ज्याच्याशी माझं आयुष्यात ओव्हरटाइमखेरीज बोलणं झालं नव्हतं, तोही गेला. जाताना त्यानं माझ्याकडे बघून खांदे उडवले. हसण्यासारखंच होतं, पण कोणी हसलं नाही. मुलं परत आली तेव्हा आम्हाला त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायला सांगितलं. बारा वर्षांनी परत आलेल्या मुलाला घरची भाषा येत नाही आणि घरच्यांना त्याच्याशी काय बोलावं कळत नाही, त्याची ती खूण. पाठ करून उभं राहणं फार सोपं गेलं, ते मला आवडलं नाही. शेवटी ब्लँकेटांचे रुमालाएवढे तुकडे आणि त्यांवर उभे आठ जण.

हे सगळं चालू असताना डिस्पॅचमधल्या त्या सहकारी बाई खिडकीशी कॉफी घेऊन बसल्या होत्या. त्या खेळात उतरल्या नाहीत. त्या अनिशिनाबे आहेत हे अख्ख्या कंपनीला ठाऊक, त्यामुळे प्रत्येक जड वाक्यानंतर दोन-चार नजरा खिडकीकडे वळायच्या, यांना किती लागलं ते बघायला. एका प्रशिक्षकानं विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? “नाही,” त्या म्हणाल्या, “माझ्या आईनं सांगितलंय, पुरेसं आहे.” पुढे महिन्याभरात त्यांना ‘रिकन्सिलिएशन समिती’वर घेतलं गेलं. ते काम नेहमीच्या कामाच्या वर, वेगळा पैसा नाही. हा हिशेब माझ्याच टेबलावरून जातो म्हणून मला ठाऊक. अशा ट्रेनिंगांची मला सगळ्यात खटकणारी गोष्ट हीच. शिकायचं असतं आम्हाला आणि राबावं लागतं त्यांना.

जेवणानंतर बोलण्याचं वर्तुळ. गरुडाचं पीस हातोहात फिरतं. ज्याच्या हाती पीस तोच बोलणार, बाकीचे ऐकणार, आणि नको असेल तर पुढे द्यायचं. एक जण म्हणाला, माझे पणजोबा युक्रेनहून कफल्लक आले, जंगल तोडून शेती केली, आम्हाला कोणी काही दिलं नाही. पीस आजींकडे पोहोचल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की त्यांनी खूप कष्ट केले हे खरं आहे, आणि त्यांना १६० एकर दहा डॉलर फी भरून मिळाले हेही खरं आहे, आणि ते एकर कुठून तरी आले होते.

माझ्याकडे पीस आलं तेव्हा मी भाषण ठोकलं. आमच्या देशावरही इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य केलं, आम्हालाही लुटलं, त्यामुळे तुमचं दुःख मी समजू शकते, वगैरे. मनात हिशेब असा, की या खोलीतल्या गोऱ्यांच्या रांगेत मला कोणी उभं करू नये. आजींनी मान हलवत सगळं ऐकलं. नंतर चहाच्या वेळी माझ्याजवळ आल्या आणि सहज, चौकशीच्या सुरात विचारलं, “तुमच्या देशात आमच्यासारखे कोण? इंग्रज गेल्यावर त्यांना काय मिळालं?”

मी म्हटलं, आहेत, आदिवासी म्हणतात. आणि पुढे काही सुचेना. ‘काय आदिवासीसारखा अवतार केलायस’ हे आमच्या घरात केस न विंचरलेल्या पोरांना म्हणायचं वाक्य. तेवढं मात्र लख्ख आठवलं.

मग आजींनी माझ्या हातातल्या पाण्याच्या ग्लासकडे बोट केलं. “हे कुठून येतं, माहितीये?” नळातून, असं मी म्हणाले नाही एवढंच नशीब.

विनिपेगचं पाणी १९१९ पासून शोल लेकहून येतं. मॅनिटोबा-ओन्टारिओच्या सीमेवरचं तळं, तिथून सुमारे दीडशे किलोमीटरचा काँक्रीटचा कालवा, उतारानं आपोआप वाहणारा. अभियंत्यांना आजही अभिमान वाटावा असं काम. त्यासाठी शोल लेक ४० या फर्स्ट नेशनची, म्हणजे मूलनिवासी समाजाची, जमीन गेली. शिवाय शहराकडे येणारं पाणी गढूळ होऊ नये म्हणून बांध घातला, चर खणला, आणि वस्ती मुख्य भूमीपासून तुटून बेटावर अडकली. उन्हाळ्यात तराफ्याची फेरी, हिवाळ्यात बर्फावरून वाट, आणि बर्फ धड घट्ट नाही धड वितळलेलं नाही अशा दिवसांत जीव मुठीत. शहराला स्वच्छ पाणी पाठवणाऱ्या त्या वस्तीतलं नळाचं पाणी १९९७ पासून २०२१ पर्यंत, जवळजवळ चोवीस वर्षं, उकळल्याशिवाय पिऊ नका असा सरकारी इशारा होता. ‘फ्रीडम रोड’ नावाचा रस्ता २०१९ मध्ये झाला, शुद्धीकरण केंद्र २०२१ मध्ये. विनिपेगमध्ये २०१४ साली मानवी हक्कांचं भव्य संग्रहालय उघडलं तेव्हा शोल लेक ४० च्या लोकांनी आपल्या वस्तीलाच ‘मानवी हक्कभंगाचं संग्रहालय’ असं नाव देऊन लोकांना बघायला बोलावलं होतं. पाहुणे आले की आम्ही त्या मोठ्या संग्रहालयात नेतो, तिकीट काढून. या दुसऱ्याचं नावही मी ऐकलं नव्हतं.

आणि आजी हे सांगत असताना मला तानसा दिसत होतं. भांडुपला आमच्या घरापासून चालत जावं इतक्या अंतरावर मुंबईचं पाणी शुद्ध करणारं ते अवाढव्य केंद्र. तानसा १८९२ चं, मग मोडक सागर, भातसा. शहापूरकडच्या डोंगरांतून पाणी आमच्याकडे येतं आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात. हे मला कोणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी शहापूरच्या होत्या, ठाकर. मे महिन्यात गावी जायच्या आणि दोन दिवसांत परत यायच्या. आई विचारायची, एवढ्यात आलात? त्या म्हणायच्या, तिथं काय, प्यायला पाणी नाही. आणि आमच्याच मोरीतल्या नळाखाली बसून आमची भांडी घासायच्या. दोन्ही टोकं एकाच बाईच्या हातात होती, आणि आम्ही त्या वाक्याला हवापाण्याच्या गप्पांसारखं ऐकत होतो.

मावशी. म्हणजे आँटीच की.

त्यांच्या खाड्यांचा हिशेब मी ठेवायची. कालनिर्णयवर, तारखेच्या चौकोनात बॉलपेननं फुली. माझं पहिलं पेरोल ते, वय वर्षं अकरा. कुणाच्या तरी मयताला त्या गावी गेल्या होत्या, तीन फुल्या झाल्या आणि महिनाअखेर आईनं तेवढे पैसे कापले. कोण गेलं होतं, ते आठवत नाही. बहुधा विचारलंच नसावं. ट्रेनिंगच्या त्या रात्री आईला फोन करून विचारलं, मावशी आठवतात का? मला वाटलं आई विसरली असेल. आईला सगळं आठवत होतं. नाव, पाडा, मुलीचं लग्न. “आणि दीडशे रुपयांची उचल राहिली तिची,” आई म्हणाली. “लग्नाला घेतली होती, मग आलीच नाही.” तीस वर्षं झाली. मी म्हटलं, आई, तानसाचं पाणी आपण किती वर्षं प्यायलो? “त्याचा काय संबंध?” आई म्हणाली, आणि जरा थांबून, “बिल भरायचो की आपण.”

पण इथे थोडं सावध राहायला हवं. ‘आमच्याकडेही असंच’ म्हणण्यात मला त्या दिवसानंतर दोन वेगळ्या गोष्टी दिसायला लागल्या. इंग्रजांवरचं माझं भाषण हीसुद्धा ‘आमच्याकडेही’च होती, आणि ती मी सुटायला वापरली होती. शोल लेकला तानसा म्हटलं की झालं, असंही नाही. इथे सरकारशी झालेले करार आहेत. विनिपेगची जमीन ज्यात येते त्या ट्रीटी १ वर १८७१ च्या ३ ऑगस्टला लोअर फोर्ट गॅरी इथे, विनिपेगपासून गाडीनं अर्ध्या तासावर, अनिशिनाबे आणि मस्केगो क्री लोकांनी सह्या केल्या. त्यानुसार प्रत्येक माणसाला दरसाल रक्कम मिळते, अजूनही मिळते: पाच डॉलर. आधी तीन होते, १८७५ मध्ये पाच केले, त्यानंतर वाढ नाही. पेरोलमध्ये आयुष्य गेलेल्या बाईनं हा आकडा ऐकून काय करावं, तुम्हीच सांगा. आणि करार दोन बाजूंचा असतो. त्यातल्या एका बाजूचे वारस म्हणून मी स्वतः नाव घातलं आहे. २०२२ च्या जानेवारीत, झूमवर, वर ब्लेझर आणि खाली पायजमा घालून मी नागरिकत्वाची शपथ घेतली. मूलनिवासींचे करारातले हक्क मान्य करणारे शब्द आदल्या वर्षीच, जून २०२१ मध्ये, त्या शपथेत घातले गेले होते. आयोगाची शेवटची, ९४ वी शिफारस. ते मी मोठ्यानं उच्चारले होते. माझं लक्ष उजवा हात कॅमेऱ्यात नीट दिसतोय का, याकडे होतं.

सहा आठवड्यांनी विभागांची बैठक झाली. प्रत्येक विभागानं एक ठोस गोष्ट सुचवायची. सूचना आल्या त्या अशा: रिसेप्शनला एखादं चित्र लावू, ईमेलच्या सहीखाली भूमीचा उल्लेख, म्हणजे ही जमीन मूळची कोणाची ते सांगणारं वाक्य, घालू, ३० सप्टेंबरला, निवासी शाळांच्या स्मरणदिनी, सगळे नारिंगी शर्ट घालू. शर्ट घालायला माझी हरकत नाही. त्यामागे फिलिस वेबस्टॅड ही खरी बाई आहे. १९७३ मध्ये, सहा वर्षांची असताना, आजीनं घेऊन दिलेला नवाकोरा नारिंगी शर्ट निवासी शाळेत पहिल्याच दिवशी तिच्या अंगावरून काढून घेतला गेला. पण शर्ट घालायला कंपनीला काही खर्च येत नाही.

मी दुखवट्याच्या रजेचा नियम आणला. नात्यांची यादी काढा आणि लिहा, की कर्मचाऱ्याला ज्यानं वाढवलं किंवा कर्मचारी ज्याला कुटुंब मानतो तो प्रत्येक जण. एचआर म्हणालं, मग प्रत्येकाला दहा आँट्या निघतील. मी म्हटलं, मला खरंच दहा आहेत, त्यांतली एक गेली तेव्हा मी रजा मागितली नव्हती. बोलताना आवाज फाटला, ते नको होतं. खोली गप्प झाली, आणि गोदामातला तो धिप्पाड माणूस म्हणाला, त्याची सावत्र आजी गेली तेव्हा त्यानंही सुट्टीतूनच दिवस घेतले होते. मग फिलिपिनो सहकारीण बोलली, तिच्या निनांगबद्दल, धर्ममातेबद्दल. त्या यादीनं आमच्यापैकी निम्म्यांना कधी ना कधी कापलं होतं, आणि प्रत्येकानं ते आपापल्या वॉशरूममध्ये मिटवलं होतं.

नियम बदलायला चार महिने लागले. त्यात वकिलाचं मत, दोन मसुदे आणि वर्षाला पाच दिवसांची मर्यादा आली. फेब्रुवारीतले ते तीन दिवस त्या बाईंच्या खात्यात परत जमा करायला आणखी दोन महिने, कारण आर्थिक वर्ष संपलं होतं आणि मागच्या वर्षात हात घालायला वरची सही लागते. जमा झाल्यावर मी त्यांना मेल केला, माझी चूक होती असंही लिहिलं. उत्तर आलं, ‘ओके.’ मी थोडं जास्तीचं काही येईल असं धरून बसले होते हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी कॉफीपाशी भेटल्या, तेव्हा हॉकीबद्दल बोलल्या.

मे महिन्यात सर्वसाधारण सभा होती आणि सुरुवातीला भूमीचा उल्लेख वाचायची पाळी माझ्यावर आली. ठरलेला मजकूर होता, ट्रीटी १, मेटी लोकांची मातृभूमी, दोन वाक्यांचा. मी त्यात शोल लेक घातलं: आपल्या समोरच्या बाटल्यांत, कॉफीत, संडासाच्या टाकीत जे पाणी आहे ते शोल लेक ४० च्या जमिनीवरून येतं, आणि ते पाठवणाऱ्यांनी चोवीस वर्षं स्वतःचं पाणी उकळून प्यायलं. मॅनेजर आदल्या दिवशी म्हणाला होता, छान आहे, पण संडास काढ. मी संडास काढला, बाकी ठेवलं.

वाचून झालं. दोन सेकंद शांतता. मग झूमवरून, ब्रँडनच्या शाखेतून, कोणीतरी काळजीच्या सुरात विचारलं, “म्हणजे आता ते पाणी आपण प्यायला ठीक आहे ना?”

तिसऱ्या रांगेतून हसण्याचा आवाज आला, मोठा, अगदी न आवरलेला. डिस्पॅचमधल्या बाई टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या.